पासवर्ड न मागणारा रास्पबेरी पाय

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची पाटी जेमतेम ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद असते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला बाजारात आला. शाळकरी मुलांनी तो घरच्या टीव्हीला जोडावा आणि प्रोग्रॅमिंग शिकावे, अशी त्यामागच्या केंब्रिजच्या मंडळींची कल्पना होती. पुढे मात्र त्याला वेगळाच संसार लाभला. कुणी तो राउटरशेजारी ठेवून त्यावर घरचे फोटो साठवतो, कुणी जाहिराती गाळायला लावतो, कुणी गच्चीवर अँटेना जोडून वरून जाणाऱ्या विमानांचे संदेश पकडतो. अशा पायला ना पडदा असतो ना कीबोर्ड. त्याच्याशी बोलायचे ते लॅपटॉपवरून, एसएसएच नावाच्या मार्गाने. दिवसातून चारदा आत जायचे असेल तर चारदा पासवर्ड टाइप करायचा. मग कंटाळून माणूस विचारतो, हा पासवर्ड काढून टाकता येतो का?

येतो. पण पासवर्ड काढण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला पहिला जगाने वापरून, पस्तावून टाकून दिलेला आहे.

१९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आरलॉगिन नावाची सोय आली. आपल्या खात्यात 'डॉट-आरहोस्ट्स' नावाची फाइल ठेवायची आणि तीत भरवशाच्या संगणकांची नावे लिहायची. त्या संगणकांवरून कुणी आले की पासवर्ड विचारला जात नसे. येणाऱ्याने "मी अमक्या यंत्रावरून आलोय" म्हणायचे आणि इकडच्या यंत्राने ते खरे मानायचे, एवढाच हा व्यवहार. नेटवर्कवरची माणसे बहुतेक एकमेकांच्या ओळखीची होती तोवर तो निभला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट या याद्यांचीच होती. एका यंत्रात शिरायचे, त्याच्यावर भरवसा ठेवणारी इतर यंत्रे हुडकायची आणि पासवर्डाशिवाय तिकडे पोहोचायचे. १९९४ च्या नाताळात त्सुतोमू शिमोमुरा या सुरक्षातज्ज्ञाच्या संगणकांवर हल्ला झाला. तिथे हल्लेखोराने आपल्या संदेशांवर भरवशाच्या यंत्राचा खोटा पत्ता घातला आणि आत शिरून आरहोस्ट्स फाइलमध्ये दोन अधिक चिन्हे लिहिली. त्या दोन चिन्हांचा अर्थ असा की कुठल्याही यंत्रावरून, कुणीही यावे.

म्हणजे पासवर्ड नसणे हा दोष नव्हता. पासवर्डाच्या जागी कसलाही पुरावा मागितला जात नव्हता, हा दोष होता.

पासवर्ड मागणाऱ्यांची अवस्थाही फारशी बरी नव्हती. टेलनेट आणि एफटीपी ही त्या काळची रोजची साधने पासवर्ड जसाच्या तसा, उघड्या अक्षरांत तारेवरून पाठवत. १९९५ साली फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी हे पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्रॅम बसवला. तिथला संशोधक तातू यलोनेन याने त्यावर उपाय म्हणून सगळे संभाषण कूटबद्ध करणारा नवा प्रोग्रॅम लिहिला. तोच एसएसएच. एफटीपीचा पोर्ट, म्हणजे आत येण्याच्या दाराचा क्रमांक, २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता म्हणून यलोनेनने क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मिळाला. आज अशी मागणी किती समित्यांतून फिरली असती कोण जाणे. पुढे ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती काढली. पायवर चालते ती हीच.

तारेवरची चोरी अशी थांबली, पण पासवर्ड मुळातच सोपा असेल तर कूटलेखन काही करू शकत नाही. चोर तारेवर कान लावून बसत नाही, सरळ दारात येऊन अंदाज करतो. पायच्या बाबतीत तर अंदाजही करावा लागत नव्हता. अनेक वर्षे प्रत्येक नव्या पायचे वापरकर्तानाव 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' असे, आणि ते पुस्तकांत छापलेले होते. नोव्हेंबर २०१६ पासून नव्या प्रणालीत एसएसएच मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर वेठीला धरून मिराई नावाच्या जाळ्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना आडवे पाडले होते. तरी जुने पाय जागोजागी तसेच चालू होते. जून २०१७ मध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीने खास पायसाठीच लिहिलेला एक व्हायरस उजेडात आणला. तो आत शिरला की आधी पासवर्ड बदलून मालकालाच बाहेर ठेवी, मग पोर्ट २२ उघडा असलेले दुसरे पाय शोधत सुटे आणि मधल्या वेळात मालकाच्या विजेवर आभासी चलन खणत बसे. एप्रिल २०२२ मध्ये तो तयार 'पाय' वापरकर्ताच काढून टाकण्यात आला. सर्वांना सारखाच पासवर्ड घालून उपकरणे विकण्याला बंदी करणारा कायदा ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आता पासवर्ड काढण्याचा दुसरा, टिकाऊ प्रकार. आपल्या लॅपटॉपवर किल्ल्यांची एक जोडी तयार करायची. खासगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, सार्वजनिक किल्ली पायवर नेऊन ठेवायची. संगणकवाले यांना प्रायव्हेट की आणि पब्लिक की म्हणतात. दोघींचे नाते समजायला बँकेतली नमुना सही आठवावी. बँक तुमच्या सहीचा नमुना ठेवते आणि चेकवरची सही त्याच्याशी ताडून बघते. पायवरची सार्वजनिक किल्ली म्हणजे हा नमुना. फरक इतकाच, आणि तोच मोठा, की इथे नमुना चोराच्या हाती पडला तरी त्याला तशी सही करता येत नाही. नमुन्यावरून सही तपासता येते, उमटवता येत नाही.

आत जाताना घडते ते असे. जोडणी होताच दोन्ही यंत्रे मिळून त्या एका जोडणीपुरती एक खूण ठरवतात. ती दर वेळी नवी असते. लॅपटॉप ही खूण आणि वापरकर्त्याचे नाव मिळून होणाऱ्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करतो आणि ती सही पायकडे पाठवतो. पाय आपल्याकडच्या सार्वजनिक किल्लीने ती तपासतो. जुळली तर दार उघडते. या सगळ्यात खासगी किल्ली लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही. वाटेत कुणी सही टिपून ठेवली तरी पुढच्या जोडणीची खूण वेगळी असल्यामुळे ती रद्दीच. उद्या पाय चोरीला गेला किंवा त्यात कुणी शिरले, तर त्याला तिथे एक सार्वजनिक किल्ली सापडेल आणि तिचा उपयोग करून तो दुसरीकडे कुठेही घुसू शकणार नाही. पासवर्डाचे तसे नसते. एसएसएचमध्ये पासवर्ड कूटबद्ध वाटेने जातो खरा, पण पलीकडच्या यंत्राच्या हातात तो अखेर पूर्ण पडतोच. ते यंत्र बिघडलेले असेल तर पासवर्ड गेला, आणि तोच पासवर्ड आणखी चार ठिकाणी वापरला असेल तर ती चारही ठिकाणे गेली.

यामागचे गणित १९७० च्या दशकातले आहे. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये कल्पना मांडली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये ती मोठमोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी केली, तीच आरएसए. ब्रिटिश गुप्तचर खात्यातला क्लिफर्ड कॉक्स याच पद्धतीपर्यंत १९७३ मध्येच पोहोचला होता, पण ते काम १९९७ पर्यंत कुलपात होते. आता नव्या किल्ल्यांसाठी ईडी२५५१९ ही पद्धत चालते. डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये मांडली. दोनच्या २५५ व्या घातातून १९ वजा केले की येणारी मूळ संख्या तिच्या मुळाशी आहे, म्हणून हे नाव. हिची सार्वजनिक किल्ली अवघी ३२ बाइट्सची. फाइलमध्ये ती थोडक्यात मावते, आरएसएची मात्र पाचशेहून जास्त अक्षरे घेते.

गणित कितीही पक्के असले तरी किल्ली खरोखर यदृच्छेने निवडलेल्या संख्येतून घडली पाहिजे. तसे न झाल्यास काय होते, हे डेबियन लिनक्सने अनुभवले आहे, आणि पायची प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनच्या एका सांभाळकर्त्याने कूटलेखनाच्या ओपनएसएसएल या संग्रहातल्या, तपासणीत इशारे येण्यास कारण ठरलेल्या ओळी निरुपद्रवी समजून बंद केल्या. त्यामुळे यदृच्छेचा जवळजवळ सगळा साठाच आटला. उरला तो फक्त चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. सप्टेंबर २००६ पासून डेबियनवर या ओपनएसएसएलने तयार झालेली प्रत्येक किल्ली या छोट्याशा यादीतलीच असे, आणि मे २००८ मध्ये लुचियानो बेल्यो या संशोधकाने ते उघड करेपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. वरून त्या किल्ल्या अगदी इतरांसारख्याच लांबलचक दिसत होत्या.

आता प्रत्यक्ष काम. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या छोट्या रोमन अक्षरांत लिहायच्या. लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये 'एसएसएच-कीजेन' म्हटले की जोडी तयार होते. ओपनएसएसएचच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून ती आपोआप ईडी२५५१९ पद्धतीची असते, जुन्या आवृत्तीत '-टी' लिहून पुढे पद्धतीचे नाव द्यावे लागते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून हा प्रोग्रॅम येतो. नंतर 'एसएसएच-कॉपी-आयडी' आणि पुढे पायवरचे आपले नाव व पत्ता लिहिला, की तो शेवटचा एकदा पासवर्ड विचारून सार्वजनिक किल्ली पायवरच्या 'ऑथराइज्ड-कीज' या फाइलमध्ये नेऊन ठेवतो. विंडोजवर ही आज्ञा नाही, तिथे डॉट-पब संपणाऱ्या फाइलमधली ओळ हाताने चिकटवावी. पाय अजून सुरूच केला नसेल तर याहून सोपे आहे. पायच्या मेमरी कार्डावर प्रणाली उतरवणाऱ्या इमेजर प्रोग्रॅममध्येच सार्वजनिक किल्ली देता येते, आणि पाय पहिल्यांदा जागा होतो तेव्हा त्याला पासवर्डाने कुणी आत येण्याची वाटच नसते. नव्या माणसाने हाच रस्ता धरावा असे मला वाटते.

किल्ली ठेवली, तरी पासवर्ड विचारलाच जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पुष्कळदा कारण फाइलींच्या परवानग्यांत सापडते. 'ऑथराइज्ड-कीज' फाइल, ती ज्यात असते ते 'डॉट-एसएसएच' फोल्डर आणि तुमचे मूळ फोल्डर, यांपैकी कशातही दुसऱ्या वापरकर्त्याला लिहिता येत असेल, तर एसएसएच ती फाइल विचारातच घेत नाही. गंमत म्हणजे तो तुम्हाला कारण सांगत नाही, निमूट पासवर्डाकडे वळतो. सांगतो ते पायच्या नोंदवहीत. फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० अशी परवानगी दिली की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. ही अडवणूक त्रासदायक वाटते, पण ज्या फाइलमध्ये कुणीही आपली ओळ घुसवू शकतो तिच्यावर विसंबणे म्हणजे पुन्हा आरहोस्ट्सच.

किल्लीने आत जाता आले की बहुतेक जण थांबतात. काम इथे अर्धेच झालेले असते. तुम्ही किल्ली वापरता म्हणून पासवर्डाचे दार बंद होत नाही. बाहेरच्याला ते अजून उघडेच आहे आणि पूर्वीइतकेच दुबळे आहे. ते बंद करायचे तर पायवर ईटीसी फोल्डरमधल्या एसएसएचच्या 'एसएसएचडी-कॉन्फिग' फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' असे लिहावे लागते. इथे एक खाच आहे. डेबियनमध्ये ही फाइल सुरुवातीलाच शेजारच्या एका फोल्डरमधल्या फाइली वाचून घेते, आणि एसएसएच कुठल्याही सूचनेची पहिली सापडलेली किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. त्या फोल्डरमधली एखादी फाइल आधीच 'येस' म्हणून बसली असेल, तर खाली तुम्ही लिहिलेल्या 'नो'ला काही अर्थ उरत नाही. म्हणून 'सुडो एसएसएचडी', आणि पुढे मोठ्या अक्षरातला '-टी' देऊन, प्रत्यक्षात लागू असलेली यादी छापून बघावी. छोट्या अक्षरातला '-टी' दिला तर तो लिहिण्यातल्या चुका दाखवतो. दोन्ही बघून मगच सेवा पुन्हा सुरू करावी.

आणि हे करताना उघडी असलेली एसएसएचची खिडकी मिटू नये. सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीची जोडणी तुटत नाही. दुसरी खिडकी उघडून किल्लीने आत जाऊन पाहावे. मग किल्ली मुद्दाम बंद ठेवून, 'पबकीऑथेंटिकेशन नो' हा पर्याय देऊन, आणखी एकदा प्रयत्न करावा. 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले आणि कंसात फक्त 'पब्लिककी' दिसले, म्हणजे काम झाले. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलेच, तर पायच्या बाबतीत आभाळ कोसळत नाही. पडदा आणि कीबोर्ड जोडता येतो, किंवा कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकात घालून फाइल दुरुस्त करता येते. भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर मात्र ही सवलत नसते. याचीच दुसरी बाजू अशी की ज्याच्या हातात कार्ड पडले त्याला किल्लीची गरज नाही.

किल्ली तयार करताना पासफ्रेज विचारला जातो आणि लोक सर्रास एंटर दाबून पुढे जातात. तसे केल्यास लॅपटॉप चोरीला गेला की पायही गेला. पासफ्रेज म्हणजे अखेर एक पासवर्डच की, असे कुणी म्हणेल. आहेच. पण तो तारेवर जात नाही, पायला माहीत नसतो आणि फक्त तुमच्याच यंत्रावरची फाइल उघडतो. बाहेरून कुणी तो लाखो वेळा आजमावू शकत नाही, त्याआधी त्याला ती फाइल चोरावी लागते. रोजचे टाइप करणेही वाचते, कारण एसएसएच-एजंट नावाचा प्रोग्रॅम एकदा उघडलेली किल्ली सत्र संपेपर्यंत आठवणीत ठेवतो. रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या बॅकअपसाठी मात्र पासफ्रेज टाइप करायला कुणी जागे नसते. तिथे पासफ्रेजविना वेगळी किल्ली करावी आणि 'ऑथराइज्ड-कीज'मधल्या तिच्या ओळीच्या सुरुवातीला ती कुठल्या पत्त्यावरून आणि कुठल्या एकाच आज्ञेसाठी चालेल, हे लिहून तिला बांधून टाकावे.

ओळख पटवण्याची जबाबदारी एकट्या माणसावर नाही, हेही ध्यानात ठेवावे. पायचीही स्वतःची किल्ली असते. पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप तिचा ठसा दाखवून विचारतो, हाच का तो पाय? आपण न बघता 'येस' लिहितो. पुढे पायवर नवी प्रणाली बसवली की ही किल्ली बदलते आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा येतो की पलीकडचे यंत्र बदललेले आहे. आपण स्वतःच कार्ड नव्याने लिहिले असेल तर 'एसएसएच-कीजेन' मोठ्या 'आर'सह चालवून जुनी नोंद पुसावी. काहीच बदललेले नसताना हा इशारा आला, तर थांबावे आणि शोध घ्यावा. त्या जागी दुसरेच यंत्र बसलेले असू शकते.

घराबाहेरून पायपर्यंत पोहोचणे हा वेगळा विषय आहे. आपल्याकडच्या मोबाइल आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस आत पोहोचत नाही. मुलगा म्युनिकला आणि पाय पुण्याच्या घरी, अशी स्थिती असेल तर सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या यंत्रामार्गे वायरगार्डसारखे खासगी जाळे वापरावे आणि एसएसएच त्याच्या आतून करावे. ज्यांच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे त्यांनी पोर्ट २२ उघडून नोंदवही पाहावी. अनोळखी पत्त्यांवरून 'रूट', 'अ‍ॅडमिन' आणि अजूनही 'पाय' या नावांनी ठोठावणे चालूच असते.

'ऑथराइज्ड-कीज' फाइलमध्ये एका ओळीला एक किल्ली, आणि ओळीच्या शेवटी ती कुठल्या यंत्राची याचे टिपण असते. अधूनमधून ती उघडून बघा. विकलेल्या लॅपटॉपची, प्रकल्प संपवून गेलेल्या मित्राची, ओळख न पटणारी कुठलीही ओळ पुसून टाका. पाय पुन्हा सुरू करावा लागत नाही, पुढच्या प्रयत्नापासूनच ती किल्ली चालेनाशी होते.